मोटारीचे पाणी



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या अशा मालांमधून वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सर्व विषयांवर भाषणे झाली आहेत. मोटारीच्या रेडिएटरला मात्र या व्यासपीठावर फारसे बोलावणे येत नाही. आपल्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘मोटारीचे पाणी’ असे सांगितले. मी कामगार संघटनेचा माणूस. वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. ते क्षणभर थांबून म्हणाले, “पाणीपुरवठा म्हणायचे आहे का?” मी म्हणालो, “होय, पण एंजिनाचा.”

सीताबर्डीत राहणाऱ्या माणसाला हा विषय परका नाही. मोर भवनच्या बसस्थानकाशी मे महिन्याच्या दुपारी पाच मिनिटे उभे राहावे. वरून ऊन, खालून डांबर आणि बाजूने चालू एंजिनांचा फुत्कार. २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सियसपर्यंत गेले होते. अशा हवेत माणूस सावली शोधतो. एंजिनाला सावलीचा उपयोग नाही. त्याच्या पोटातच विस्तव आहे.

मी हा विषय हौसेने शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका मालमोटारीच्या चालकाचे प्रकरण माझ्याकडे आले. लोखंडी सळया भरून तो मे महिन्यात नागपुरातून जबलपूरला निघाला होता. खवासा ओलांडून कुरई घाट चढत असताना एंजिनातून खडखड आवाज आला आणि ते जागीच जाम झाले. मालकाने पत्र दिले की, एंजिन तापत असताना चालकाने लक्ष दिले नाही, सबब दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याने कापण्यात येईल. चालकाचे म्हणणे एकच होते: तापमानाचा काटा शेवटपर्यंत वर गेलाच नाही, उलट थोडा खाली आला होता.

आपल्यापुढे कबूल करतो, माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. एंजिन तापून जाम होते आणि काटा खाली येतो, हे कसे शक्य आहे? मला वाटले, गडी रात्रीचा जागा असेल, डुलकी लागली असेल, आणि आता लपवतो आहे. मी त्याला सल्ला दिला की चूक कबूल कर, माफी माग, हप्ता कमी करून घेऊ. तो म्हणाला, “भाऊ, पैसे कापा म्हना. पन काटा वर होता असं मी लिहून देनार नाही.”

हे वाक्य घेऊन मी घरी गेलो. ज्याची बाजू मांडायची त्याच्यावरच आपण अविश्वास दाखवला, आणि तोही विषय न समजता. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गेलो आणि म्हणालो, “मला एंजिनाचे पाणी शिकवा.” पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी मी त्यांच्या शेडमध्ये एका उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून शिकलो. पुढे काही पुस्तकेही वाचली. त्या शिक्षणातले जे पक्के समजले तेवढेच आज सांगतो.

पहिला प्रश्न असा की एंजिनाला पाणी लागतेच कशाला? एंजिनाच्या नळकांड्यात इंधन जळते तेव्हा ज्वालेचे तापमान दोन हजार अंशांच्याही वर जाते. दट्ट्या म्हणजे पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणजे ज्या भांड्यात आपण विस्तव पेटवला त्या विस्तवाने ते भांडेच वितळायला हवे. ते वितळत नाही, कारण ज्वाला क्षणभराची असते आणि भांड्याच्या भिंतीमागून पाणी सतत वाहत असते. ढोबळ हिशेब असा सांगतात की इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे जाते, आणि उरलेली सुमारे एक तृतीयांश पाण्याने आणि तेलाने बाहेर न्यावी लागते. तीन रुपयांच्या डिझेलमधला एक रुपया आपण केवळ उष्णता म्हणून हवेत सोडतो. तो सोडला नाही तर तेलाचा पातळ थर जळतो, धातूला धातू घासतो, दट्ट्या फुगून नळकांड्यात अडकतो. ‘एंजिन सीझ झाले’ असे आपण म्हणतो ते हेच.

परंतु एंजिन थंडगार ठेवणे हाही पाण्याचा हेतू नव्हे. हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे. थंड एंजिनात इंधन नीट जळत नाही, तेल घट्ट राहते, झीज वाढते, धूर जास्त येतो. एंजिनाला साधारण ८० ते १०० अंशांच्या दरम्यान राहायला आवडते. आपले शरीर जसे ३७ अंशांभोवती राहते, त्याहून वर गेले तर ताप आणि फार खाली गेले तर गारठा, तसेच हे. तेव्हा या साऱ्या व्यवस्थेचे काम थंड करणे नसून उष्णता बेताची राखणे हे आहे. ही गोष्ट मनात ठेवली म्हणजे पुढचा प्रत्येक भाग आपोआप समजतो.

आता पाण्याबरोबर एक फेरी मारू या.

एंजिनाचा मुख्य ओतीव ठोकळा आणि त्याच्यावरचे झाकण, ज्याला हेड म्हणतात, हे दोन्ही आतून पोकळ असतात. नळकांड्यांभोवती पाण्याच्या वाटा असतात. जणू एंजिनाने पाण्याचे जाकीट घातलेले असते. या वाटांतून पाणी ढकलतो तो पंप. आपल्याकडचे मिस्त्री त्याला वॉटर बॉडी म्हणतात. बहुतेक गाड्यांत एंजिनाच्या पट्ट्यावर हा पंप फिरतो. आत एक छोटे पाती असलेले चक्र असते. ते रेडिएटरच्या तळाचे निवलेले पाणी ओढून एंजिनात लोटते. फार जुन्या काही मोटारींना पंप नसे. फोर्डच्या प्रसिद्ध टी मॉडेलमध्ये थोड्या सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर गरम पाणी आपोआप वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्याच तत्त्वावर काम भागत असे. आजच्या एंजिनांना तेवढा संथपणा परवडत नाही.

या पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असते. पुष्कळांना ते कारखान्यातला दोष वाटतो. ते दोष नाही, ती सूचना आहे. पंपातले पाणी रोखणारे सील झिजू लागले की पाणी दांड्याच्या बेअरिंगकडे न जाता या भोकातून थेंब थेंब बाहेर येते. पंप सांगत असतो की माझे दिवस भरत आले, आता मला बदला. काही मंडळी हे भोक एम-सीलने बुजवतात. तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद केले म्हणजे तक्रार मिटली, असे समजणारे लोक सर्वच कारखान्यांत असतात.

पाणी नळकांड्यांभोवती फिरून हेडमध्ये चढते. तिथे बाहेर पडण्याच्या दारात एक पहारेकरी बसलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. आकाराने लहान, किमतीने किरकोळ, पण साऱ्या व्यवस्थेची बुद्धी यांत्रिक रूपाने त्याच्यात साठवली आहे. एका छोट्या डबीत विशिष्ट प्रकारचे मेण भरलेले असते. पाणी सुमारे ८० ते ९० अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते, एक दांडी ढकलते आणि झडप उघडते. तोपर्यंत झडप बंद असते आणि पाणी एका आडवाटेने एंजिनातल्या एंजिनातच फिरते, त्यामुळे एंजिन लवकर ऊब धरते. झडप उघडली की गरम पाणी रेडिएटरकडे निघते. पाणी निवले की मेण आक्रसते, झडप मिटू लागते. यात वीज नाही, तार नाही. मेणाचा एक गोळा सकाळपासून रात्रीपर्यंत बिनतक्रार हिशेब ठेवतो.

आपल्याकडे उन्हाळा आला की हा थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आहे. ‘नागपुरात याची गरजच काय?’ असे सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे. डिसेंबरच्या पहाटे इथला पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा असे एंजिन मैलोगणती थंडच राहते आणि डिझेल पिते. दुसरे असे की पुष्कळ एंजिनांत थर्मोस्टॅटच उघडताना ती आडवाट बंद करतो. तो काढला तर आडवाट कायम उघडी राहते, बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न जाताच पुन्हा एंजिनात शिरते, आणि थंड करण्याच्या नादात एंजिन अधिक तापते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर तो बदलावा. पहारेकरी आजारी पडला म्हणून दारच काढून टाकणे हा उपाय नव्हे.

झडपेतून निघालेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे चपट्या नळ्यांची रांग, आणि नळ्यांमध्ये पातळ पत्र्याच्या नागमोडी घड्या. पाणी पुष्कळ वाटांत विभागले जाते, प्रत्येक वाट हवेला भिडते, आणि घड्यांमुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. याचा इतिहास मनोरंजक आहे. आरंभीच्या मोटारी पाणी उकळवून उडवून देत आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरून घेत. जर्मनीतील विल्हेल्म मायबाख याने १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या, आणि त्यामुळे थोड्या पाण्यात गाडीचे भागू लागले. मोटारीच्या पुढच्या जाळीला आपण तिचा चेहरा मानतो तो या शोधामुळे.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्या घरचा माठ आणि वाळ्याचा कूलरही पाण्याने गारवा देतात, पण त्यांचे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून कूलरमध्ये रोज पाणी भरावे लागते. रेडिएटरचे तसे नाही. त्याचे पाणी बंदिस्त आहे. ते खर्च होत नाही, नुसते हमाली करते. एंजिनातून उष्णता उचलते, हवेच्या स्वाधीन करते आणि रिकाम्या हाताने परत येते. माठातले पाणी कमी होणे हा त्याचा गुण आहे, रेडिएटरमधले पाणी कमी होणे हा रोग आहे. ‘रोज थोडे पाणी घालावे लागते, बाकी गाडी चांगली आहे’ असे कोणी म्हटले तर समजावे की गाडी चांगली नाही.

बंदिस्त पाण्याला दुसरी अडचण आहे. ते आपली उष्णता हवेला देते, आणि देण्याचे प्रमाण दोहोंच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांचे आणि हवा २० अंशांची असेल तर फरक ७० अंशांचा. नागपूरच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांची, तेव्हा फरक उरतो ४५. तोच रेडिएटर, तेच पाणी, पण उष्णता टाकण्याची शक्ती एक तृतीयांशाहून अधिक घटली. त्यात पुढे वातानुकूलनाची जाळी असेल तर रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. थंड मुलखात जो रेडिएटर थोडा चोंदलेला असूनही निभावून नेतो, तो इथे दगा देतो. आपल्या हवेत देखभालीची हयगय माफ होत नाही, ती या कारणाने.

हवा आणण्याचे काम पंख्याचे. गाडी वेगात असते तेव्हा वारा आपणहून जाळीत शिरतो आणि पंख्याची फारशी गरज नसते. गाडी थांबली की पंखाच सर्वस्व. जुन्या गाड्यांत तो पट्ट्यावर फिरे. आजच्या बहुतेक लहान मोटारींत तो विजेवर चालतो आणि पाणी ठराविक तापले की आपोआप सुरू होतो. यातून दुखण्याची एक सोपी परीक्षा निघते. व्हरायटी चौकातल्या गर्दीत एंजिन तापते आणि वर्धा रोडला लागताच निवते, तर संशय पंख्यावर घ्यावा. गावात ठीक चालते आणि भार घेऊन चढ चढताना किंवा सलग वेगात तापते, तर संशय चोंदलेल्या रेडिएटरवर, थकलेल्या पंपावर किंवा अर्धवट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटवर. कुठेही गळती दिसत नाही आणि पाणी मात्र कमी होते, धुराड्यातून पांढरा धूर येतो, तेल ताकासारखे दिसते, तर हेडखालचे गॅस्केट फुटले असण्याचा संभव मोठा. तिथे गाडी पुढे न रेटता थांबवावी.

रेडिएटरच्या टोपणाला लोक नुसते झाकण समजतात. ते खरे म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी आहे. टोपणात स्प्रिंग असते. ती आतला दाब बाहेरच्या हवेहून सुमारे एक वातावरणाइतका जास्त होईपर्यंत पाण्याला अडवते. त्या दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. दाब त्याहून वाढला तर टोपण पाण्याला शेजारच्या प्लास्टिकच्या डब्यात वाट देते, आणि एंजिन निवल्यावर दुसऱ्या एका लहान झडपेने तेच पाणी परत ओढून घेते. टोपणाचे रबर कडक झाले, की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी लाखांचे एंजिन जाते.

तापलेल्या एंजिनाचे हे टोपण कधीही उघडू नये. आत १०० अंशांच्या पलीकडचे पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. टोपण सैल होताच दाब जातो, पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि उकळत्या पाण्याचा झोत थेट तोंडावर येतो. कितीतरी क्लीनर पोरांचे हात आणि चेहरे असे भाजले आहेत. मालक ओरडतो, चालकाला घाई असते, आणि गाडीतल्या सर्वांत लहान वयाच्या माणसाला टोपण उघडायला सांगितले जाते. आपल्यापैकी जे गाडी बाळगतात त्यांनी घरी जाऊन एवढे एकच सांगावे: अर्धा-पाऊण तास थांबा, टोपणाला हात लावता येईल इतके ते निवू द्या. तसेच कोरड्या, तापलेल्या एंजिनात गार पाणी ओतू नये. ओतीव लोखंड तडकते.

पाणी कोणते घालावे, हेही सांगायला हवे. आपल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या गवतावर पांढरा थर कसा चढतो हे घरोघरी ठाऊक आहे. तोच थर एंजिनाच्या आतल्या वाटांवर चढतो, आणि तो उष्णतेला अडवतो. म्हणून शुद्ध केलेले, क्षार नसलेले पाणी आणि कूलंट यांचे सांगितलेल्या प्रमाणातले मिश्रण घालावे. थंड देशांत कूलंट पाणी गोठू नये म्हणून घालतात. नागपुरात ते गंज रोखते आणि उत्कलनबिंदू आणखी वर नेते म्हणून घालायचे. पण बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते गोडसर असून विषारी आहे. ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये आणि गटारात सोडू नये.

आता काट्याकडे वळतो. चालकापुढचा काटा एंजिनाचे तापमान दाखवतो असे आपण म्हणतो. तो एंजिनाचे दाखवत नाही, एंजिनातल्या एका जागच्या पाण्याचे दाखवतो. बहुधा थर्मोस्टॅटजवळ, उंचावर, एक पितळी खुंटी बसवलेली असते. तिचे टोक पाण्यात बुडालेले असते आणि तिच्यावरून काटा हलतो.

माझ्या मिस्त्रींनी एके संध्याकाळी स्टोव्हवर पातेले ठेवले, त्यात पाणी उकळवले, खुंटीला बॅटरी आणि काटा जोडला आणि खुंटी पाण्यात धरली. काटा चढत चढत लाल रेषेपर्यंत गेला. मग त्यांनी खुंटी पाण्याबाहेर काढून तशीच धरली. काटा हळूहळू खाली आला. पातेल्यात पाणी उकळतच होते. ते म्हणाले, “भाऊ, पान्यात असला तरच हा खरं बोलते. पानी सरलं का याले काय मालूम?”

मी त्या टायरवरून उठलो. कुरई घाटात काय झाले ते माझ्यापुढे उभे राहिले. पंपाचे सील गेले होते, पाणी गळत होते, घाटात भार वाढला आणि उरलेसुरले पाणीही गेले. पाण्याची पातळी उतरते तेव्हा सर्वांत आधी उंचावरची जागा कोरडी पडते, आणि खुंटी तिथेच असते. एखादा वाफेचा झोत लागला तर काटा उडतो, नाही तर तो खाली येतो. एंजिन जळत असताना काटा सांगत असतो की सारे ठीक आहे. चालकाने जे पाहिले तेच सांगितले होते. माफी मागण्याचा सल्ला देणारा मी चुकलो होतो.

चौकशीत मी भाषण केले नाही. मालकाच्याच वर्कशॉपच्या माणसाला तीन प्रश्न विचारले. खुंटी कुठे असते? वर, थर्मोस्टॅटजवळ. पाणी कमी झाले तर आधी कुठले जाते? वरचे. मग काट्याला काय कळणार? तो गप्प राहिला. नंतर मी गाडीच्या दुरुस्तीची वही मागितली. त्या वहीत चालकाने तीन वेळा लिहून ठेवले होते: ‘वॉटर बॉडीखाली पाणी गळते.’ तिन्ही नोंदींसमोर कोणाची तरी सही होती. पंप बदललेला नव्हता.

१९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात असे तत्त्व होते की नुकसान कामगाराच्या हयगयीने थेट झालेले असेल तरच पगारातून कापता येते, आणि तेही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व राखले आहे. कपात रद्द झाली. मात्र त्या चालकाला ती गाडी पुन्हा मिळाली नाही, आणि दोन महिन्यांनी त्याने ती नोकरी सोडली. ही गोष्ट मी विजयाची म्हणून सांगत नाही.

या प्रकरणाने मला एक धडा दिला. काटा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याचीही उलटतपासणी करावी लागते: तू कुठे उभा होतास, तुला काय दिसत होते, तुझे टोक पाण्यात होते का? आपल्याच शहरात मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर गवगवा झाला. हवामान खात्याच्या तपासणीत संवेदक बिघडलेला निघाला. तिथे काटा वर जाऊन चुकला, घाटात खाली येऊन चुकला. दोन्ही वेळा चूक पकडली ती आकड्याच्या मागे जाऊन पाहणाऱ्यांनी. कारखान्यात, कचेरीत, शाळेत, जिथे जिथे काट्याच्या भरवशावर माणसाला दोषी ठरवले जाते, तिथे आधी पाणी किती आहे ते पाहावे. आणि दोष शोधायचा तर पाण्याच्या वाटेने शोधावा: पंप, झडप, नळ्या, जाळी, पंखा, टोपण, काटा. या सात ठिकाणी विचारल्याशिवाय आठव्या ठिकाणी, म्हणजे चालकाच्या गळ्याशी, हात नेऊ नये.

एक शेवटची गोष्ट सांगून आपली रजा घेतो. मिस्त्रींच्या शेडमध्ये मी एका मालमोटारीच्या केबिनमध्ये चढून बसलो होतो. एंजिन चालू होते. त्याची उष्णता पायांखालच्या पत्र्यातून आणि समोरून येत होती, वर मे महिन्याचे ऊन. पाच मिनिटांत सदरा भिजला. माणसाच्या देहातही शीतकरणाची व्यवस्था आहे. रक्त म्हणजे त्याचे पाणी, हृदय म्हणजे पंप, कातडी म्हणजे रेडिएटर. पण हवा देहाहून अधिक तापलेली असते तेव्हा ही जाळी उष्णता बाहेर टाकू शकत नाही, उलट आत घेते. मग उरतो एकटा घाम, आणि घाम म्हणजे माठाचे तत्त्व: पाणी खर्चून मिळालेला गारवा. ते पाणी परत भरावे लागते आणि देहाला सावलीत थांबावे लागते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाचे आठ तास आणि मध्ये विश्रांती ठरवून दिली होती. प्रत्यक्षात रस्त्यावर काय चालते ते आपण सारे जाणतो.

एंजिनाला पोळ्याचा रेडिएटर १९०१ साली मिळाला. नव्या मालमोटारींत चालकाच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे करण्याची अधिसूचना आपल्या केंद्र सरकारने काढली ती डिसेंबर २०२३ मध्ये. मध्ये एकशे बावीस वर्षे गेली. एंजिन तापले तर ते जागीच थांबते आणि खर्च मागते, म्हणून त्याची सोय आधी झाली. माणूस तापला तरी गाडी चालवत राहतो, म्हणून त्याची सोय राहिली. अजूनही रस्त्यावर असंख्य जुन्या केबिनी आहेत आणि त्यांत माणसे आहेत.

उद्या आपण मोर भवनाशी किंवा कोणत्याही नाक्यावर उभे असाल, बॉनेट उघडून वाफ सोडत असलेली गाडी दिसेल, आणि तिच्याजवळ घामाने निथळलेला एक माणूस. लोक म्हणतील, याने लक्ष दिले नसेल. आपण मात्र आता पाण्याची सारी वाट जाणता. त्याच्याजवळ जा, टोपण उघडू देऊ नका, आणि आधी त्यालाच एक तांब्या पाणी द्या. गाडीचे नंतर पाहता येईल.